रविवारच्या नोंदी

पाराआजोबांचं बोट वहीतल्या एका रविवारवर थांबलं. मग त्याच्या आधीच्या रविवारवर, मग त्याच्याही आधीच्या. त्यांनी चष्मा पुसला, वही मिटली आणि सातवीच्या पोरांना पाच मिनिटं आधीच सोडून दिलं. एकीला तेवढं थांबवलं.

पाराआजोबा हे नाव पोरांनीच ठेवलेलं. टेकडीवरच्या हवामान केंद्रात एकट्यानं एकतीस वर्षं तापमान नोंदवून निवृत्त झालेला हा माणूस दर बुधवारी शाळेत फुकट शिकवायला यायचा. त्यांची मुलगी त्यांना स्कूटरवरून सोडायची आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता बापाचं कौतुक करायची. एकतीस वर्षांत बाबांनी एक नोंद चुकवली नाही, भिंतीवर तसं प्रमाणपत्र आहे. आणि तिच्या लहानपणी एक रविवारची सकाळ तिच्याशिवाय घालवली नाही, नदीवर नेऊन पोहायला शिकवलं. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं सगळ्यांना वाटायचं.

पटांगणाच्या कोपऱ्यात आजोबांनी एक पांढरी लाकडी पेटी बसवली होती, आत तापमापी. रोज सकाळी साडेआठला एकानं आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एका दिवसाच्या उन्हावरून हवामान बदललं म्हणू नका, असं ते बजावत. "मोठ्या बाई आज रागावल्या म्हणून त्या रागीट ठरत नाहीत. वर्षानुवर्षं लिहून ठेवा, मग बोला." नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. वर्गाला हसू आवरेना. बाईंनी मात्र आवरलं.

हवामानाचा तास बाईंनी एका अटीवर दिला होता. वर्षाची वही एकही रकाना रिकामा न ठेवता भरली, तर तास पुढच्या वर्षी राहणार, नाहीतर गणिताला जाणार. वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस उरले होते.

थांबवलेल्या मुलीला वर्ग 'घड्याळ' म्हणे, कारण ती कधी उशिरा यायची नाही. तिचं घर शाळेच्या अगदी मागे, म्हणून रविवारची नोंद तिच्याकडे होती.

"शनिवारी सव्वीस, सोमवारी अठ्ठावीस, मधे सत्तावीस," आजोबा वाचू लागले. "पुढे शनिवारी एकतीस, सोमवारी तीस, मधे साडेतीस. असे किती रविवार आहेत?"

"अकरा," घड्याळ चपलेकडे बघत म्हणाली.

आईला कामावर रविवारची पाळी लागली होती. धाकट्या भावाला घरी एकटं सोडता येत नव्हतं, आणि त्याला घेऊन बाहेर पडायला आईची मनाई होती. कुणाला सांगावं, तर रविवारचा मान दुसऱ्याकडे गेला असता. तो तिला सोडवेना. मग ती सोमवारी येऊन मधला आकडा काढायची आणि लिहून टाकायची.

"फार चूक नसेल ना, आजोबा? मधलाच तर आहे."

आजोबांनी एका तारखेवर नख टेकवलं. त्या रविवारी अचानक गार वारा सुटला होता, अख्ख्या गावानं कपाटातले स्वेटर बाहेर काढले होते. वहीत मात्र सत्तावीस.

"यात तो वारा कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "पन्नास वर्षांनी कुणी ही वही उघडली, तर त्याला वाटेल, त्या दिवशी काही घडलंच नाही."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तास जाणार आणि तोही आपल्यामुळं, एवढंच तिला कळत होतं. तसं ती म्हणालीही.

"जाईल कदाचित," आजोबा म्हणाले आणि त्यांनी खिशातलं लाल पेन तिला दिलं.

खाडाखोड करायची नाही. आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी 'नोंद नाही' लिहून सही करायची. तिनं अकरा वेळा ते केलं. शेवटची सही झाली तरी आजोबा वही धरून पहिल्या लाल रेघेपासून पुन्हा वाचत बसले.

मग दोघं मुख्याध्यापिकांकडे गेली. आजोबांनी वही टेबलावर ठेवली, पण सांगितलं सगळं मुलीनंच. बाईंनी एकेक पान उलटून लाल रेघा मोजल्या.

"वीस वर्षं मी भरलेले रकाने बघतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "काम झालं नाही, असं कुणी स्वतः लिहून आणलेलं पहिल्यांदाच बघते."

तास राहिला. रविवारसाठी तिघांची पाळी लावायचं ठरलं, आणि बाईंनी चौथं नाव स्वतःचं घातलं. घड्याळ इतकी खूश झाली की दप्तर तिथंच विसरून निघाली.

फाटकापाशी तिनं आजोबांना गाठलं. तुम्ही एका नजरेत कसं ओळखलंत, असं तिला विचारायचं होतं.

"अनुभव," आजोबा म्हणाले आणि न्यायला आलेल्या आपल्या मुलीच्या मागे स्कूटरवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलं, पिशवीत घातलं आणि हवामान खात्याचं कार्यालय गाठलं. तिथले तरुण साहेब त्यांना बघून उठून उभे राहिले, चहा सांगितला. आजोबांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली, तिच्यावर अर्ज ठेवला. साहेब तो वाचू लागले.

'माझी मुलगी पाच वर्षांची झाल्यापासून चौदाची होईपर्यंत, टेकडीवरच्या केंद्रातले रविवारचे सगळे आकडे मी शनिवार आणि सोमवार यांचा मध्य काढून लिहिले आहेत. त्यांच्यावर लाल रेघ मारायची परवानगी मिळावी.'