उसात दडवलेला वळू

"गावानं खुशाल सुया टोचून घ्याव्यात. लम्पीची लस दिली की वळू नामर्द होतो. आमी काय खुळे हाय व्हय?" असं पारावर ठणकावून मल्हारीनं आपला लालकंधारी जातीचा वळू, राजा, लस टोचणारे गावात आले त्या दिवशी दिवसभर उसात दडवला.

पंधरा दिवसांत राजाच्या अंगभर गाठी उठल्या. मल्हारीच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता तिनंच कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन, हातानं घास भरवून त्याला जगवलं. राजा उठला, पहिल्यासारखा डुरकूही लागला. मल्हारीनं पेढे वाटले.

पंचफुलाबाईला एकच आस होती, दारातल्या कपिला गायीला राजाचं एक तरी वासरू व्हावं. पण राजाला दाखवूनही कपिला दोनदा उलटली, गाभण न राहता तिसऱ्यांदा माजावर आली.

"गायीतच खोट हाय," मल्हारी म्हणाला.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाय आणि वळू दोघांनाही तपासलं. "मल्हारीराव, गाय ठणठणीत आहे. लम्पीनं वळूचं बीज गेलं. आता ह्याचं वासरू होणं नाही."

पंचफुलाबाई राजाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "काहून दडवलं व्हतं तुमी ह्याला?"

मल्हारी खाली बघत पुटपुटला, "बाप व्हावा म्हणून."

कपिलेचा माज वाया जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिथंच तिला आपल्या पेटीतली गोठवलेल्या बीजाची कांडी भरली. शिंगं मल्हारीनं धरली. राजा शेजारच्या खुंट्याला डुरकत होता. पेटीत लालकंधारीची कांडी शिल्लक नव्हती, म्हणून जर्सीची भरली.