आठल्यांचे स्थळ

मुरलीधर आठल्ये यांचे विनायक, विनायकांचे यतीन आणि यतीन यांचा हा जयदीप. नौकेवर पाऊल ठेवताच कुमुदिनीबाईंनी ही वंशावळ मोठ्याने म्हटली आणि मगच मुलाचा नमस्कार स्वीकारला.

"आई, जुनं उकरू नका हं," सून अलका कानाशी पुटपुटली.

"नावं घेतली फक्त. उकरलं कुठं?"

जुने काय, ते दोन्ही घरांना ठाऊक होते. पन्नास वर्षांपूर्वी सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये विनायक आठल्ये कुमुदिनीला पाहायला आले होते. मुरलीधरपंतांनी तिला चालायला लावले, वाचायला लावले. चहा संपताच विनायकांनी भर बैठकीत सांगितले, "मुलगी नापसंत आहे." कारण दिले नाही.

पुढे चार वर्षे तिला स्थळ आले नाही. त्या काळात ती एम.एस्सी. झाली आणि नंतर छत्तीस वर्षे तिने पदार्थविज्ञान शिकवले. माहेरी आठल्यांचे नाव शिवीसारखे घेतले जाई. कुमुदिनीबाई त्यात कधी सामील झाल्या नाहीत. त्यांचा राग खोल आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. गेल्या वर्षी विनायकराव गेल्याचे कळले, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. अलकाने पित्ताची गोळी दिली.

कुमुदिनीबाईंच्या नातीसाठी जयदीपला दाखवायला यमुनेवरची ही दिवसभराची नौकाफेरी यतीनने ठरवली होती. घरी नको, हॉटेलात नको. पाण्यावर मोकळेपणा राहतो, असे त्याचे म्हणणे.

"आणि पळायला वाट नसते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

यतीन हसला. "बिल्कुल, काकू! तीन मुलींना नाही म्हणून झालंय याचं. आता याचं 'नाही' माझ्या घरात चालणार नाही. तुमचा शब्द शेवटचा."

"आणि उत्तरा, तुझं काय?" कुमुदिनीबाईंनी विचारले.

"तू पास केलंस तर मी भेटेन दोन-चारदा," नात म्हणाली. "तोवर मी सीगल बघते, यार. केवढे आलेत!"

जयदीपचा फोन मांडीवर पालथा होता आणि दर थोड्या वेळाने थरथरत होता. तो उचलत नव्हता, बंदही करत नव्हता.

बंधाऱ्याशी नौका दोन दारांमधल्या अरुंद कुंडात शिरली. मागचे दार लागले, इंजिन थांबले. कुंडातले पाणी खालच्या नदीइतके उतरल्याशिवाय पुढचे दार उघडणार नव्हते. दोन्ही बाजूंच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती हळूहळू उंच होऊ लागल्या. नदीचा उग्र वास दाटला.

"भैया, और कितना टाइम?" अलकाने तिसऱ्यांदा विचारले.

"बस, पंद्रह मिनट, मैडम."

जयदीपने थर्मास उघडला. सर्वांना कागदी पेल्यांत चहा दिला. कुमुदिनीबाईंसाठी मात्र त्याने पिशवीतून चिनी मातीची कपबशी काढली.

"अच्छा! घरून आणलीस?" अलका खूश झाली.

"आजींना बशी लागते."

कुमुदिनीबाईंनी बशी दोन्ही हातांनी घेतली. क्षणभर त्यांची बोटे थबकली. "कुणी सांगितलं तुला?"

"आजोबांनी. जाण्याच्या आदल्या आठवड्यात."

त्यांनी चहा संथपणे संपवला. कप परत दिला. बशी रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली.

"आता जरा चालून दाखव."

"आजी!" उत्तरा ओरडली. "इंटरव्ह्यू आहे का हा?"

"मला चालवलं होतं ना याच्या पणजोबांनी? चल रे, त्या टोकापर्यंत."

जयदीप चालला. नौका हलली, तो कठड्याला धरून सावरला, परत आला.

"चालताना फोनकडे बघतोस."

"हो."

"वाट बघतंय कुणी?"

"मुनिरक्यात," तो इतकेच म्हणाला. यतीनने घाईने खुलासा केला, "मित्र राहतात तिथं याचे."

पुढचे दार उघडले. नौका उजेडात आली. थोड्या वेळाने जुना लोखंडी पूल डोक्यावर आला, वरून गाडी धडधडत गेली आणि काही क्षण कुणालाच बोलता आले नाही. यतीनला मात्र धीर निघेना.

"मग काकू? बोलणी पुढं न्यायची ना?"

कुमुदिनीबाई ताठ बसल्या. "मुलगा नापसंत आहे."

अलकाच्या हातातला पेला कलंडला. यतीनचा चेहरा लाल झाला. "कारण?"

"तुमच्या वडिलांनी दिलं होतं?"

"पन्नास वर्षं डूख धरलीत तुम्ही! माझ्या पोराची काय चूक?"

"काही नाही. आठल्यांचं एक देणं होतं माझ्याकडं. आज फिटलं."

यतीन पाय आपटत नौकेच्या दुसऱ्या टोकाला गेला. जयदीप वाकला. त्याने कुमुदिनीबाईंच्या पायांवर डोके टेकले, आणि रीतीला पुरेल त्याहून बराच वेळ तसेच ठेवले. मग फोन उचलून तो वडिलांच्या मागे गेला.

कुमुदिनीबाईंनी चष्मा लावला. मांडीवरचा रुमाल सोडला आणि बशीखाली चिकटवलेली, बोटांना आधीच कळलेली कागदाची घडी उलगडून आता वाचली. जयदीपने आजोबांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे उतरवले होते, सरोजिनीनगरात विनायकांच्या हाती चहा देताना, वीस वर्षांच्या कुमुदिनीने त्यांच्या बशीखाली लिहून ठेवलेले तेच तीन शब्द: "मला नापसंत करा."