मासुंगा म्हाताऱ्याची वाचा

"आडवं ठेवून पाजताय? मारायचंय का त्याला?"

लिमीनं शेजारच्या बाईच्या हातातली वाटी हिसकावून घेतली. इस्पितळाच्या व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. त्या बाईच्या नवऱ्याला ठसक्यावर ठसका लागला होता. लिमीनं त्याला पाठीला आधार देऊन बसतं केलं, हनुवटी छातीकडे झुकवली आणि ठसका थांबल्यावर मक्याच्या पेजेचा अर्धाच चमचा तोंडात घातला. पेज नीट खाली उतरली.

"मागच्या गुरुवारी सिस्टरनं हेच दाखवलं. तेव्हा काय झोपा काढत होता?"

"जीभ आहे की कोयता," बाई पुटपुटली. "पण बापाचं करावं तर हिनंच हो."

सिस्टर काबुला हसू दाबत फळ्याकडे वळली. सरोवराकाठच्या त्या इस्पितळात अर्धांगवायूच्या रोग्यांचं करणाऱ्यांना ती शिकवायची. कूस कशी बदलायची, जेवणातलं मीठ कसं तोडायचं, बरं वाटलं तरी रक्तदाबाची गोळी का सोडायची नाही. अशी शिष्या तिला आजवर मिळाली नव्हती. लिमी दूरच्या खेड्यातून बापाला घेऊन आली होती. सकाळी धक्क्यावर मासळी साफ करायची आणि उरलेला सगळा वेळ बापापाशी. मासुंगा म्हाताऱ्याची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पण अंगावर एक जखम नव्हती, की कपड्याला वास नव्हता.

एकदा औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं गोळ्या संपल्याचं सांगितलं. लिमी खिडकीसमोर फतकल मारून बसली.

"उद्या या, बाई."

"उद्या याला दुसरा झटका आला तर तू येणार आहेस का खांदा द्यायला? शोध!"

आतल्या खोक्यात गोळ्या सापडल्या.

सिस्टरला एकच गोष्ट खटकायची. लिमी त्याला कधी 'बाबा' म्हणत नसे.

"ओळखीच्या हाकेनं जीभ लवकर सुटते गं," ती एकदा म्हणाली.

"त्याला नावानंही कळतं," लिमी म्हणाली आणि म्हाताऱ्यापुढे वाकली. "हं. नाव सांग. मा-सुं-गा."

म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"बघा. मुद्दाम करतो."

"आजाराला मुद्दाम म्हणू नये," सिस्टरनं समजावलं. "मन खचतं अशा माणसाचं. वाक्य तू पुरं करू नकोस, त्याला वेळ दे. ओरडू नकोस."

त्या दिवसापासून लिमी ओरडायची थांबली. नुसती समोर बसून राहायची, त्याचा ओठ हलेपर्यंत. कधी म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. झटक्यानंतर असं रडू येतं, सिस्टरनं शिकवलं होतं. लिमी फडक्यानं त्याचे डोळे पुसायची. "रडून झालं? आता बोल."

एके दुपारी सिस्टर त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेली, तर दारातच भांडण चाललेलं. लिमीचा भाऊ शिजा गावाहून तांदळाचं पोतं घेऊन आला होता.

"कशाला छळतेस म्हाताऱ्याला?" तो म्हणत होता. "किती दिवसांचा सोबती तो. राहू दे ना गप्प."

"गप्प मेला म्हणजे तुझं बरं!"

"सगळ्यांचंच बरं."

लिमीनं पोतं लाथेनं उलटवलं. तांदूळ अंगणभर पसरला, शेजारच्या कोंबड्या धावून आल्या.

शिजा सिस्टरकडे वळला. "तुम्ही भल्या बाई आहात. पण तुम्ही काय करताय, ते तुम्हाला कळत नाहीये."

सिस्टरचंही डोकं फिरलं. "मला चांगलं कळतं! मुलगी हाडाची काडं करतेय आणि तुला बापाच्या तोंडचे दोन शब्द जड झाले? लाज वाटू दे, भाऊ."

शिजा मान खाली घालून निघून गेला. दारामागे खाटेवर म्हातारा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला.

पावसाळा संपता संपता एका गुरुवारी सिस्टरनं वर्गात सहज विचारलं, "काय मासुंगा, पाणी हवं का?"

"न-को," म्हातारा म्हणाला. मग थोडं थांबून, "दमलो."

व्हरांडा दणाणला. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. सिस्टरनं डोळे पुसले. लिमी तेवढी हसली नाही.

"याला सगळं समजतं ना, सिस्टर? विचारलं तर नीट उत्तर देईल?"

"हळूहळू देईल. पण नक्की देईल."

"मग सोमवारी माझ्याबरोबर चला. सरकारी काम अडलंय. माझ्या बोलण्यावर ते विश्वास ठेवायचे नाहीत, तुमच्या ठेवतील."

म्हातारा पूर्वी कापसाच्या गिरणीत होता. निवृत्तीचे पैसे अडले असतील, असं सिस्टरला वाटलं. सोमवारी ती कडक इस्त्रीचा गणवेश घालून आली. रिक्षात तिघं दाटीवाटीनं बसली. वाटेत तिनं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. म्हातारा मान वळवून मागं पडणाऱ्या रस्त्याकडे बघत होता.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी आहे ना."

रिक्षा न्यायालयापाशी थांबली. तरीही तिला वाटलं, असेल कसलं तरी प्रतिज्ञापत्र. आत गेल्यावर शिपायानं म्हाताऱ्याला तिथल्या चाकांच्या खुर्चीत बसवलं, ती पुढे नेली आणि लाकडी कठड्याच्या आत उभी केली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

"वाचा नाही म्हणून थांबवलेला खटला हाच का? आरोपीला समजतं?"

सगळ्यांच्या नजरा गणवेशाकडे वळल्या. सिस्टर काबुला उठली.

"समजतं."

"बोलता येतं?"

तिनं लिमीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटले होते.

"येतं," ती म्हणाली.

"मग विचारा त्याला," लिमी म्हणाली, "माझी आई आत झोपलेली असताना घराला बाहेरून कडी घालून काडी कुणी ओढली."