दिवेलागणीची फेरी

"काळजीचं कारण नाही. थोड्याच दिवसांत यांना अंधारातही नीट दिसायला लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि किल्लीवाल्याच्या बायकोचा चेहरा उतरला.

दुसरी एखादी असती तर तिनं बाईंचे आभार मानले असते. हीसुद्धा काही दुष्ट नव्हती. पण गेले काही आठवडे तिच्या मनात जे चाललं होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं, की लोकांची अडलेली कुलपं चुटकीसरशी उघडणाऱ्या तिच्या नवऱ्याला दिवस मावळला की स्वतःच्या दाराच्या कुलपाचं भोक सापडेनासं झालं. किल्ली दारावर घासत उभा राहायचा. हा रोज येताना 'घेऊन' येतो, असा शेजाऱ्यांनी तर्क केला. वास्तविक दारूला तो कधी शिवला नव्हता. अडचण एवढीच, की भाजीलाही कधी शिवला नव्हता. चहा, पाव आणि बटाटा यांवर त्याचं जन्मभर भागलं होतं. ताटात हिरवं पान दिसलं की झुरळ दिसल्यासारखा बाजूला सारायचा.

मग ती रोज दिवेलागणीला दुकानावर जाऊ लागली आणि त्याला हाताला धरून घरी आणू लागली. तिथंच सगळा घोटाळा झाला. लग्न झाल्यापासून रस्त्यानं तो चार पावलं पुढे आणि ती मागे, असाच रिवाज होता. ती पिशवी सांभाळत त्याची पाठ बघत चालायची. त्याच्या शर्टाची मागची शिवण तिला तोंडपाठ होती. बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून ती बोलतच नसे.

आता तो शेजारून चालत होता. कानस चालवून राठ झालेला त्याचा हात तिच्या हातात असायचा. दिसत काही नसल्यामुळे की काय, तो बोलायला लागला होता. कुणाची तिजोरी अडली, कोण किल्ली आत ठेवून बाहेर राहिलं, सगळं सांगायचा. एकदा तर स्वतःच्याच विनोदावर हसला. तिला या वयात संध्याकाळची ओढ लागली होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी औषधाचा डोस दिला. अ जीवनसत्त्व कमी पडलं, हे रातांधळेपण त्याचंच, असं सांगितलं. गाजर, लाल भोपळा, पालक, अंडं, यातलं रोज काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. सोबत थोडं तेल किंवा लोणी हवं, नाहीतर ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही. हयगय केलीत तर डोळे कोरडे पडतील आणि नजरच जाईल, असंही त्यांनी बजावलं.

म्हणजे आपल्याच हातानं रांधून आपल्याच सुखावर पाणी सोडायचं. एक दिवस तिचं मन डळमळलं. होऊ दे मेलं चार दिवस उशिरा, म्हणून तिनं नुसते बटाटे केले. तो ताटावर बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, की आज भोपळा नाही वाटतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचे डोळे मोठे की आपली फेरी मोठी, असं तिनं स्वतःलाच झापलं. दुसऱ्या दिवशी पालकात लोणी असं घातलं, की डाव हातातून निसटत होता.

तो मात्र मुकाट्यानं सगळं खात होता. वर आणखी मागत होता. आणि तरी संध्याकाळ झाली की दुकानाच्या पायरीवर उभा राहून हात पुढे करायचा. "काही फरक नाही बघ," म्हणायचा. ते ऐकून तिला आधी बरं वाटायचं, मग धास्ती वाटायची. एकदा तर ती भाजीवाल्याशी भांडून आली, की तुझ्या गाजरांत काही दम नाही.

त्या दिवशी अर्ध्या वाटेवर गल्लीतले दिवे गेले. ती केस सारखे करायला गेली आणि कानातल्याची फिरकी निसटून पडली. खाली बसून ती रस्त्याकडेची माती चाचपू लागली. हाताला नुसते खडे लागत होते.

तो वाकला, तिच्या टाचेमागून काहीतरी उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. मुगाच्या दाण्याएवढी ती फिरकी होती.

ती फिरकी मुठीत धरून उठली.

"कधीपासून दिसतंय तुम्हाला?" तिनं विचारलं.

त्यानं खिशातला किल्ल्यांचा जुडगा उगीच वाजवला.

"झाले की बरेच दिवस," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस."

तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. इतके दिवस ती स्वतःला चोर समजत होती आणि दुसरा चोर तिचाच हात धरून चालत होता. तिला इतका आनंद झाला, की तो कुठं ठेवावा हे कळेना.

एवढ्यात दिवे आले. गल्ली लख्ख उजळली. गल्लीतला न्हावी आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून मजेत त्यांच्याकडे बघत होता. किल्लीवाल्यानं चपापून तिचा हात सोडला, आणि जन्माच्या सवयीनं एक पाऊल पुढे टाकलं.

समोर घरापर्यंत रस्ता परातीसारखा गुळगुळीत होता. गेल्याच आठवड्यात डांबर पडलं होतं.

तिनं न्हाव्याच्या देखत हात पुढे केला.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "पुढचा रस्ता फार खराब आहे. मला धरून चाला."