तिसाव्या पानावरचा दोरा

सहावं पुस्तकही दोरा न तुटता परत आलं.

"छपाई लई सुंदर आहे, टीचर," शेजारची अख्तरबी म्हणाली.

"वाचलंत कितपत?"

"थोडं थोडं. ईसा पैगंबर आमच्याकडंही आहेतच की. त्यापेक्षा रविवारी जेवायला या."

रूथ हसली. अख्तरबी गेल्यावर तिनं पुस्तकाची कड न्याहाळून खात्री केली. तिसाव्या पानापासून एकतिसाव्यापर्यंत गेलेला पांढरा दोरा दोन्ही टोकांना डिंकानं चिकटलेला होता. पानं उघडली असती तर तो सुटला असता. सांगलीच्या कॉलेजात तिनं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. कपाटातली बाटली कुणी उघडली का ते कळावं म्हणून ती झाकणावर केस चिकटवून ठेवायची. सवय गेली नव्हती.

पुस्तकं चर्चच्या पाळकसाहेबांनी खोकं भरून दिली होती. ख्रिस्ती विश्वासावरच्या शंका एकेक घेऊन, येशूच्या रिकाम्या कबरीपासून जगातल्या दुःखापर्यंत, त्यांना पुराव्यानिशी उत्तरं देणारं पुस्तक. "मैत्रिणींना द्या," ते म्हणाले होते. "वाचतील, विचारतील, बोलणं सुरू होईल."

रूथला फार काही नको होतं. उपासनेच्या वेळी बाकावर शेजारी कुणीतरी बसावं, एवढंच. तिथं तिची मुलगी शेरॉन बसायची. दोन वर्षांपूर्वी शेरॉन मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, आणि मग नव्हती. त्या अकरा दिवसांतलं रूथला काहीच आठवत नसे. तुम्ही फार धीरानं घेतलंत, असं लोक सांगत. तेव्हापासून गायन सुरू झालं की ती गीतांचं पुस्तक उघडून उभी राही, पण ओठ हलत नसत.

सातवं पुस्तक मागायला तानुबाई आपणहून आली. ती मूळची जतकडची. गेल्या वर्षी नोकरी संपल्यापासून कॉलनीत दारोदार गावरान अंडी विकायची.

"अख्तरबी म्हनली, तुमी पुस्तकं देताय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नात हाय की, पल्लवी. बारावीला हाय."

पुढच्या गुरुवारी तानुबाईनं टोपली दाराशी ठेवली, आत येऊन खाली बसली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "निरोप मिळाल्यावरही जो दोन दिवस मुद्दाम थांबतो, त्याला प्रेम करणारा कसं म्हणायचं?"

ही बायबलमधल्या लाजराची गोष्ट होती: तो आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस थांबला, आणि लाजर मेला. पल्लवी बरीच पुढं गेलेली दिसतेय, असं रूथला वाटलं. पण हे पुस्तक तिनं स्वतःही शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

"पुढच्या गुरुवारी सांगते," ती म्हणाली. तिनं कप उचलला, तर तो बशीला अडकला आणि चहा फरशीवर सांडला.

"असू द्या." तानुबाईनं फडकं शोधून आणलं. "पाय वर घ्या, बाई."

रूथनं दोन्ही पाय वर घेतले आणि फरशी वाळेपर्यंत तसेच धरून ठेवले.

"ठेवा आता खाली," तानुबाई म्हणाली.

त्या आठवड्यात रूथनं पुस्तक वाचायला घेतलं. गुरुवारी तिनं उत्तर दिलं, तानुबाईनं मान डोलावली आणि पुन्हा भिंतीकडे पाहून पुढचा प्रश्न ठेवला.

"शक्यता शून्याजवळ असेल, तर प्रार्थनेनं ती किती वाढते?" 'शक्यता' म्हणताना ती जरा अडखळली.

"हा पल्लवीचा दिसतोय. सायन्सला आहे का?"

"न्हाई. कॉमर्सला."

"हुशार आहे."

"लय बडबडी हाय. तुमी उत्तर सांगा."

असे आठ गुरुवार गेले. बुधवारीच रूथ चहाची साखर भरून ठेवू लागली. तानुबाई चहात चार चमचे घालायची, आणि रूथनं नाक मुरडलं की म्हणायची, "तुमचा पन गोड करू का?"

नवव्या गुरुवारी तिनं विचारलं, "देणारा तोच आणि घेणाराही तोच, तर मी आभार नेमके कशाचे मानायचे?"

यावर पुस्तकात काही नव्हतं. रूथनं पानं उलटीपालटी केली, इतर पुस्तकं काढली. तीन गुरुवार ती "अजून नाही" म्हणाली. तानुबाई चहा पिऊन निघून जाई.

चौथ्या गुरुवारी रूथ म्हणाली, "पुस्तकात उत्तर नाही. माझ्यापुरतं सांगते. तेवीस वर्षं ती माझ्याजवळ होती. त्या वर्षांचे आभार."

आपण शेरॉनबद्दल बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तानुबाई उठली. टोपलीतली दोन अंडी टेबलावर ठेवून ती गेली.

त्या रविवारी दुसऱ्या कडव्यापासून रूथचा आवाज निघाला. बारीक, बेसूर, पण निघाला.

गुरुवारी तानुबाईनं पुस्तक परत दिलं. "झालं, बाई. आता प्रश्न न्हाईत."

रूथनं धीर केला. "रविवारी माझ्याबरोबर याल? नुसतं बसायला."

"येते की. तुमच्या शेजारी बसायला काय हुतंय? पर आमचा बिरोबा मी सोडायची न्हाई. आधीच सांगून ठेवते."

"नका सोडू," रूथ म्हणाली, आणि आपण हे सहज म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सवयीनं तिनं पुस्तकाची कड पाहिली.

तिसाव्या पानावर दोरा होता. ताठ, दोन्हीकडे चिकटलेला.

तिनं दोऱ्यावरून बोट फिरवलं. "तानुबाई, हे तर उघडलंच नाही."

"न्हाई."

"पल्लवीनंही?"

"तिला मी दिलंच न्हाई."

"मग प्रश्न कुणाचे?"

तानुबाईनं उचललेली टोपली पुन्हा खाली ठेवली.

"मिरजेला दवाखान्यात वीस वर्सं फरशी पुसली मी, बाई. अकरा दिस तुमी वार्डाबाहेरच्या बाकावर बसून व्हता. पाय वर घ्या म्हनलं की घ्यायचा, आन भिंतीकडं बघून त्येच त्येच इचारत ऱ्हायचा. कुनीच उत्तर दीना, म्हनून मी समदं पाठ करून ठिवलं."