एकदाही नाही

“काका, तुमच्या बायकोचं लग्नाआधीचं नाव काय?” मागच्या रांगेतून यज्ञेशनं विचारलं.

प्रश्न साधा नव्हता, हे चर्चमागच्या हॉलमध्ये बसलेल्या साठ-सत्तर माणसांना कळलं. खुर्च्यांची कुरकुर थांबली. माईकसमोर इनास बारेत उभे होते. चर्चच्या ज्युबिली वर्षाची पाच व्याख्यानं त्यांच्याकडे होती. प्रार्थना, उपास, रविवारची मिस्सा-उपासना आणि पापाची कबुली ही चार सुखरूप पार पडली होती. आजचं शेवटचं, धर्मस्वातंत्र्यावर. रत्नागिरीत कॅथलिक मोजकेच, त्यामुळे ऐकायला सगळ्या धर्मांची माणसं यायची. फादरनी सकाळीच बजावलं होतं, “इनास, आज वाद झाला तर यापुढे व्याख्यानं बंद.”

इनास तीस वर्षं एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गळा तोच. ‘देव प्रत्येकाला हाक मारतो’ हे वाक्य ते असं म्हणत, की ऐकणाऱ्यानं पिशवी उचलून उभंच राहावं.

“विमला,” ते म्हणाले.

“आणि लग्नानंतरचं?”

“विमलाच.”

हॉलमध्ये हशा पिकला. पण यज्ञेश वकिली शिकत होता, एवढ्यावर गप्प बसतोय कसला! “नाव राहू दे, काका. आवळा देऊन कोहळा काढणारे खूप बघितलेत. इतकी वर्षं एका घरात राहून तुम्ही त्यांना तुमच्या धर्मात ओढलं नाहीत?”

इनासांना हेच हवं होतं. त्यांच्या आयुष्यात अभिमान बाळगावा अशी गोष्ट ती एकच. विमलाबाई मूळच्या लांज्याच्या. लांज्याच्या गाडीची चौकशी करता करता स्टँडवरच दोघांचं जमलं. विमलाबाईंच्या वडिलांनी एकच अट घातली, पोरीवर धर्माची जबरदस्ती करायची नाही. इनासांनी शब्द दिला. बिशपांची परवानगी आणून लग्न चर्चमध्ये लागलं आणि विमलाबाई हिंदूच राहिल्या. बाहेरच्या खोलीत येशूची तसबीर, स्वयंपाकघरात देव्हारा. दर रविवारी त्या नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करून देत, चर्चपर्यंत सोबत येत आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहत. आत कोणीही जाऊन बसू शकतं. पण बोलावल्याशिवाय कुठं जायची त्यांची रीत नव्हती. लोक म्हणत, इनाससारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. इनासांनाही तसंच वाटे.

“जबरदस्ती सोड रे,” ते माईकच्या जवळ सरकले. “बाप्तिस्मा घेतेस का, असं अठ्ठावीस वर्षांत मी तिला विचारलेलंसुद्धा नाही. एकदाही नाही! ह्याला म्हणतात धर्मस्वातंत्र्य.”

टाळ्या कडकडल्या. फादरांचा जीव भांड्यात पडला. यज्ञेशही खाली बसला. इथंच थांबले असते, तर इनास छाती फुगवून घरी गेले असते. पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची त्यांची जुनी खोड.

“हवं तर तिलाच विचारा,” ते म्हणाले. “काय विमल, खरं की नाही?”

विमलाबाई दाराजवळच्या टेबलावर फणसाची सांदणं बशांत मांडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले.

“खरं हाय. एकदा पण नाय विचारलात.”

पुन्हा टाळ्या झाल्या. त्या संपेपर्यंत विमलाबाई थांबल्या.

“तेच तर माझं दुखणं हाय,” त्या म्हणाल्या. “बाजारात गेलात की बांगडे आणू की सौंदाळे, ते विचारता. चहात साखर किती घालू, ते विचारता. एवढी मोठी गोष्ट तेवढी विचारायची नाय?”

“अगं, तुझ्या बाबांना मी शब्द दिला होता...”

“जबरदस्ती करू नका म्हणाले होते बाबा. विचारू नका, असं कुठे म्हणाले?” त्यांचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. “दर रविवारी तुम्ही आत आणि मी पायरीवर. मला वाटायचं, ह्यांना मी आत नकोच असेन. तुम्ही विचारलातच नाय, तर मी नाय तरी कशी म्हणणार?”

पायरीवर बसलेली विमल इनासांनी अठ्ठावीस वर्षं पाहिली होती आणि ती खुशीनंच बसली आहे, असं परस्पर ठरवून मोकळे झाले होते. ज्याचा एवढा तोरा मिरवला, तेच बायकोला सलत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. फादर छताकडे बघू लागले. यज्ञेशला तर कुठून प्रश्न विचारला असं होऊन गेलं.

इनास माईक सोडून खाली उतरले. खुर्च्यांमधून वाट काढत सांदणांच्या टेबलापाशी गेले. अख्खा स्टँड हलवणारा तो गळा आता मधल्या रांगांनाही ऐकू जाईना.

“विमल, बाप्तिस्मा घेशील?”

विमलाबाईंनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. लग्नाच्या दिवशी लाजल्या नसतील इतक्या त्या लाजल्या.

“नाय,” त्या म्हणाल्या.

पहिली टाळी यज्ञेशची पडली. मग फादर हसले, सगळेच हसले, इनासही डोळे पुसत हसू लागले. विमलाबाईंनी सांदणाची पहिली बशी नवऱ्याच्या हातात दिली.

“पण पुढच्या वर्षी परत विचारा हां.”