दोन फेऱ्या

चष्म्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर रोज सकाळी विचारायचा, ‘नवी सिस्टिम टाकायची?’ बाबा बटणाभोवती बाण दोनदा फिरवायचे आणि मगच ‘नंतर’ दाबायचे.

बाबा गेले. आता मुलगी ‘हो’कडे वळली, की बाण तिला न जुमानता दोन फेऱ्या मारायचा आणि ‘नंतर’ दाबलं जायचं.

“जिवंतपणी तुम्ही माझं एक ऐकलं नाहीत, बाबा! आता तरी हेका सोडा!” ती कडाडली. तिने माउसची वायर हिसडून तोडली आणि कीबोर्डवरून ‘हो’ दाबलं.

स्क्रीन काळी झाली. काचेत तिचाच तापलेला चेहरा दिसत होता. पांढरा बाण सावकाश त्या चेहऱ्यापाशी आला.

चेहऱ्याभोवती एक फेरी झाली. मग दुसरी.

टेबलावर, तुटक्या वायरीच्या माउसचं बटण हळूहळू दबू लागलं.